जावईबापूंचा कूलर आणि माझं ग्रीस

आमच्या जावयांना कॉम्प्युटरमधलं सगळं कळतं, हे मी आज लेखी देतो. त्यांनी माझ्या मुलाच्या कॉम्प्युटरमध्ये ट्रॅक्टरचं ग्रीस भरलं, अशी जी गोष्ट आमच्या कन्हेरीपासून इंदापूरपर्यंत चवीनं सांगितली जाते, ती खोटी आहे. म्हणजे ग्रीस भरलं गेलं हे खरं. ते ट्रॅक्टरचं होतं हेही खरं. फक्त त्यातला जावई चुकीचा आहे!

झालं असं. अधिक महिना होता. अधिकात जावयाला धोंड्याचं जेवण घालायचं, कपडे करायचे, ताटाभोवती रांगोळी काढायची. त्या दिवशी जावई म्हणजे साक्षात विष्णू. आमचे विष्णू, म्हणजे प्रमोदराव, इंदापुरात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवतात. आणि नेमका तेव्हाच आमच्या सचिनचा कॉम्प्युटर बंद पडला. सचिन लग्नाचे व्हिडिओ घरी बसून जोडतो. चार नवरदेव रोज फोन करून विचारत होते, आमचं लग्न कधी लागणार. मी आमंत्रणाच्या फोनवरच जावयांना सांगून टाकलं, "जेवायला या, अन् येताना स्क्रू ड्रायव्हर आणा." (विष्णूला चार हात असतात. एखादा मोकळा असेलच की!)

प्रमोदरावांनी कॉम्प्युटर उघडून बघितला आणि निदान केलं. "मामा, मदरबोर्ड गेलाय. प्रोसेसर अन् कूलर ठणठणीत हाय. मी नवा बोर्ड आणलाय, त्याच्यावर हे दोन्ही बसवतो."

प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू, बिस्किटाएवढा. आणि कूलर म्हणजे त्या मेंदूच्या डोक्यावर बसवायचा पंखा. (हे मला नंतर कळलं. आधी मी खिडकीतल्या कूलरमध्ये दोन बादल्या पाणी भरून आलो होतो.)

देव्हाऱ्यात टाक ठेवावा तसा त्यांनी प्रोसेसर अलगद नव्या बोर्डावर ठेवला. मग इंजेक्शनसारख्या नळीतून करड्या रंगाची पेस्ट त्यावर सोडली. किती? हरभऱ्याएवढी!

"काय वं जावईबापू, एवढंच?"

"एवढंच लागतं, मामा. जास्त झालं की उलटं गरम व्हतं."

मी साखर कारखान्यात मिलवर फिटर होतो. तिथल्या बेअरिंगला आम्ही ग्रीस बोटानं नाही, पंजानं भरायचो. जिथं गरम होतं तिथं ग्रीस आणि जिथं ग्रीस तिथं हात आखडायचा नाही, एवढं एकच तत्त्वज्ञान नोकरीनं मला दिलं. आणि इथं माझा जावई, माझ्या घरात, हरभऱ्यावर भागवत होता!

त्यांनी कूलर वर बसवला, चार स्क्रू आवळले आणि नेमकी लाईट गेली. तेवढ्यात आमच्या सौभाग्यवतींचा आवाज आला, "आवं, पाव्हण्याला जेवू द्याल का न्हाय? धोंड्याला बोलावलंय का रोजगारावर?"

प्रमोदराव जेवले. म्हणजे जेववले गेले. पुरणाचे धोंडे, वर तुपाची वाटी, परत धोंडे. मग नवा पांढरा शर्ट घालून ते बाहेरच्या सोफ्यावर टेकले आणि घोरायला लागले. मी एकटाच कॉम्प्युटरसमोर उरलो. माणसानं मला कधीही यंत्रासमोर एकटं सोडू नये.

मी चारही स्क्रू काढले. कूलर उचलला. ती चिमूटभर पेस्ट धोतराच्या सोग्यानं पुसली आणि ट्रॅक्टरच्या डब्यातलं ग्रीस घसघशीत भरलं. मेंदू दिसेनासा झाला तेव्हा समाधान वाटलं. मग पंख्याकडे लक्ष गेलं. पंखा म्हटल्यावर बेअरिंग आलंच! त्यालाही एक गोळा लावला. थोडं पात्यांना लागलं, म्हटलं असू दे, फिरेल मऊ. स्क्रू कारखान्याच्या हिशोबानं आवळले. एक 'कट्ट' म्हणाला. मी तो बसला असं समजलो.

लाईट आली तेव्हा जावयाला भेटायला माझे चुलतभाऊ तात्या आले होते. तात्या डोक्याला कडक इस्त्रीची पांढरी टोपी घालतात आणि तोंडाला काहीच घालत नाहीत.

"चला, बघू तरी इंदापूरची कारागिरी!" तात्या खुर्ची ओढून अगदी पुढं बसले. झाकण अजून उघडंच होतं. प्रमोदरावांनी बटण दाबलं.

पंखा आधी कण्हला. मग कडबाकुट्टीसारखा सुटला! पहिला गोळा प्रमोदरावांच्या नव्या शर्टावर, दुसरा तात्यांच्या टोपीवर, तिसरा थेट भिंतीवरच्या आमच्या लग्नाच्या फोटोवर. (माझ्या तोंडावर. सौभाग्यवती अजून स्वच्छ आहेत.) मग फट्ट झालं आणि खोलीभर ट्रॅक्टर तापल्याचा वास पसरला.

"आरं, ह्ये तर ग्रीस हाय!" तात्या टोपी हुंगत ओरडले. "जावयानं कॉम्प्युटरमधी ग्रीस भरलं का काय!"

प्रमोदराव वाकले. त्यांनी आत बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. हात मी साबणानं धुतले होते, पण कोपरं विसरलो होतो. ते माझ्या काळ्या कोपराकडे बघत हळूच म्हणाले, "चुकलं माझ्याकडनं."

ह्या क्षणी मी तोंड उघडायला हवं होतं. मी उघडलंही. म्हणालो, "असू द्या जावईबापू, व्हतं कधीकधी!"

मी त्यांना माफ केलं! मी!

त्यानंतर तात्यांनी काम हातात घेतलं. आठवड्याभरात गोष्ट इंदापूरला पोचली. महिन्याभरानं आमच्या लेकीचा, सुजाताचा, फोन. "आबा, दुकानात गिऱ्हाईकच येईना वं. काल एक जण आला तर विचारतोय, ट्रॅक्टरचं सर्व्हिसिंग कितीत करता?"

मग मात्र मी ठरवलं, खरं सांगून टाकायचं. इंदापूरला एका पाहुण्यांच्या साखरपुड्यात दोन्हीकडची माणसं जमली होती. मी सत्कार चालू असतानाच माईक हिसकावला. "ग्रीस मी भरलं व्हतं! जावयाची काय बी चूक न्हाय!"

मांडवातल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. आणि मग टाळ्या!

"जावयाची अब्रू झाकायला सासरा खोटं बोलतोय," तात्यांनी डोळे पुसले. "असा सासरा मिळायला नशीब लागतं!"

"आरं, खरंच मी भरलं, तात्या!"

"बघा! अजून बी बोलतोय!"

प्रमोदराव पुढं आले आणि सगळ्यांसमोर माझ्या पाया पडले. "मामा, ऱ्हाऊ द्या. माझंच चुकलं व्हतं." पुन्हा टाळ्या. त्यांच्या दुकानाचं काय झालं? उरलेलं गिऱ्हाईकही हललं. लोकांनी हिशोब केला, सासऱ्याला अंगावर घ्यावी लागली, म्हणजे चूक केवढी मोठी असेल!

म्हणून हे लिहायला बसलो. तेवढ्यात मोठ्या मनाचा माणूस म्हणून गावानं मला भांडणं मिटवायच्या समितीवर घेतलं. पहिल्याच दिवशी शेताचा बांध कुणी कोरला यावरून दोघं भाऊ भांडत आले. मी चष्मा लावून विचारलं, "चूक कुणाची, खरं सांगा."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि धाकटा म्हणाला, "आबा, उगं वाढवायचं कशाला? तुमच्याच नावावर टाका. तुमाला सवय हाय."