मामांची दहा बोटं

कागद कापण्याआधी मामा दोन्ही हात वर करायचे, पंजे पसरायचे आणि म्हणायचे, "धाच्या धा!" म्हणजे दहाच्या दहा बोटं जागेवर आहेत. मगच दांडा ओढायचे.

अंधेरीच्या एमआयडीसीतल्या आमच्या छापखान्यात सगळेच त्यांना मामा म्हणायचे. त्यांचं कटिंग मशीन म्हणजे जुनं धूड. पायाने पट्टी दाबायची, उजव्या हाताने दांडा ओढायचा, की पातं खाली. डावा हात कुठे आहे हे मशीन विचारत नसे. अशा मशीनवर तीस वर्षं काढून बोटं शाबूत ठेवलेला माणूस तुम्ही पाहिला असेल, तर त्याचा तोराही पाहिला असेल. मी कॉम्प्युटरवर बसणारा, म्हणून मला ते "उंदीर फिरवणारो" म्हणायचे.

मामांना शुगर निघाली आणि तोरा उतरला. वर्षातून एकदा कंपनीचा डॉक्टर सगळ्यांना तपासायचा. "आकडो जास्त इलो तर माका मशीनवरून उठवतले रे," एवढी एकच धास्ती.

शहाणपणा मी केला. दालचिनीने शुगर उतरते असा मेसेज कुणीतरी मला पाठवला होता, तो धड न वाचताच मी मामांना ढकलला. मामा हसले. "आमच्या परड्यात झाड आसा, नि मी हयसर गोळये गिळतंय!" तरी त्यांनी स्टेशनजवळून दालचिनीच्या कॅप्सूलचा डबा आणला. डॉक्टरच्या गोळीसोबत रोज एक. डॉक्टरला विचारलंत का, हे मी विचारलं नाही. पंधरा दिवसांनी आकडा थोडा उतरला, तेव्हा त्यांनी अख्ख्या खात्याला चहा पाजला आणि स्वतः बिनसाखरेचा घेतला.

तपासणीच्या आदल्या दिवशी नेमकी संकष्टी आली. एरवी उपासाला मामा साबुदाण्याची खिचडी चापून खायचे. त्या दिवशी डबाच आणला नाही. "साबुदाण्यान वाढता," म्हणाले. गोळी मात्र घेतली होती, आणि खात्री असावी म्हणून कॅप्सूल दोन.

दुपारी मी प्रूफ घेऊन खाली गेलो. डोक्यावर पंखा असूनही मामांचा सदरा चिंब भिजला होता. त्यांनी हात वर केले. पंजे थरथरत होते.

"नऊ," ते म्हणाले.

बाइंडिंगच्या बायका हसल्या. मीही हसलो. मग दिसलं, त्यांचा डावा हात पुन्हा गठ्ठ्यावर गेला होता, पात्याच्या बरोबर खाली, आणि उजवा दांड्याकडे चालला होता.

"मामा, हात!"

त्यांना ऐकूच गेलं नाही. मी धावत जाऊन त्यांचं उजवं मनगट धरलं. ते थंडगार होतं.

स्टुलावर बसवलं. एका बाईने पाण्यात साखर ढवळून आणली. मामांनी दात आवळले.

"साखर नको. उद्या तपासणी आसा."

"मामा, शुगर उतरलीय तुमची! प्या!"

"नको, मेल्या! माका उठवतले."

अर्धा ग्लास माझ्या शर्टावर सांडला. मी हात जोडले, ओरडलो, शेवटी त्यांना आईची शपथ घातली. तेव्हा घोट-घोट पाणी आत गेलं. मी घड्याळाकडे बघत उभा होतो. बऱ्याच वेळाने त्यांनी मला ओळखलं.

"रडतस कित्याक?" त्यांनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी ते लपवतील असं मला वाटलं होतं. त्यांनी डॉक्टरला सगळं सांगितलं, फक्त मेसेज कुणी पाठवला ते सोडून. डॉक्टर म्हणाला, औषध नीट बसलं की पुन्हा मशीनवर जा. मामांनीच नकारार्थी मान हलवली.

"बोटां धाच आसत. मोजणारो चुकलो."

महिनाअखेरीस ते काम सोडून गावी गेले. मला अजून अपराधी वाटतं.

दिवाळीआधी पार्सल आलं. परड्यातल्या दालचिनीच्या साली, वर्तमानपत्रात बांधलेल्या, आणि चिठ्ठी: "मटणात घाल. माणसात नको."

आता नवं मशीन आलंय. पात्याखाली हात गेला की आपोआप थांबतं. नवा ऑपरेटर कानात गाणी लावून काम करतो, बोटं मोजत नाही. मी वरून काचेतून मोजतो. दहा भरली की मगच खुर्चीत बसतो.