पोचल्याचं पत्र

सासरे आमच्याबरोबर दोह्याला यायला निघाले, तेव्हा सासूबाईंनी त्यांना दारातच बजावलं, "पोचल्याचं पत्र स्वतः लिहा. सुनेच्या गळ्यात घालू नका." मी शेजारीच बॅगेची चेन लावत होते. मला ते जरा लागलंच. मी काय तक्रार केली होती?

त्या दोघांची ताटातूट होण्याचं कारण साधं होतं. नणंदेला डॉक्टरांनी बाळंतपणापर्यंत पलंगावरून उठायला बंदी घातली होती, म्हणून सासूबाई तिच्याकडे राहायला गेल्या. सासऱ्यांना नाशिकच्या घरात एकटं ठेवणं शक्य नव्हतं, कारण त्यांच्या नजरेच्या मधोमध डाग आला होता. कडेकडेचं दिसायचं, समोरचं नाही. माझ्याशी बोलताना त्यांना माझे कान दिसायचे, चेहरा नाही. सासूबाईंची गत उलटी. डोळे शाबूत, पण कानांनी दगा दिला होता, आणि कानातलं यंत्र त्या डबीत जपून ठेवायच्या. म्हणजे यांना वाचता येईना आणि त्यांना ऐकू येईना. देवाने जोडी जुळवावी ती अशी.

रोज संध्याकाळी फोन व्हायचा. "अहो, जेवलात का?" त्या तिकडून ओरडायच्या. "जेवलो," हे इकडून ओरडायचे. "काय?" "जेवलो. भात." अल सद्द भागातल्या आमच्या इमारतीच्या भिंती पातळ. शेजारच्या मल्याळी बाई मला लिफ्टमध्ये विचारायच्या, "अंकल ने आज भी चावल ही खाया?" उभा जन्म एका घरात काढलेल्या त्या दोघांचं बोलणं भातावर येऊन थांबलं होतं.

राहिलं पत्र. नणंदेने सासूबाईंना टॅब दिला होता आणि त्यावर मेल वाचायला, चार शब्द लिहायला त्या शिकल्या होत्या. आल्या आल्या सासरे माझ्यासमोर खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "घे लिहून." ते आयुष्यभर कोर्टात टंकलेखक होते. दुसऱ्याने सांगायचं आणि यांनी टाइप करायचं. सांगणाऱ्याच्या खुर्चीत ते पहिल्यांदाच बसले होते.

"सुखरूप पोचलो," ते म्हणाले. "येथील हवा कोरडी आहे. सर्व मंडळी मजेत. प्रकृतीस जपावे. कळावे."

"बस?"

"बस."

"बाबा, आईंना लिहिताय ना? कलेक्टरला नाही."

ते हसले. मग हळूच म्हणाले, "अगं, बायकोला लिहायचं ते सुनेला कसं सांगू?"

मी ते मेल तसंच पाठवलं. दुसऱ्या दिवशी सासूबाईंचं उत्तर आलं. "मिळाले. सूनबाई चांगलं लिहिते." एवढंच. सासऱ्यांना मी ते वाचून दाखवलं, तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला. त्या चष्म्याचा त्यांना तसाही काही उपयोग नव्हता.

माझा नवरा मेसईदच्या खत कारखान्यात. पहाटे कंपनीच्या बसने जायचा, संध्याकाळी धुळीने माखून यायचा. त्याला हे सांगितलं तर म्हणाला, "बाबांना आईला एवढं काय लिहायचंय?" काही प्रश्न विचारणाऱ्याबद्दलच जास्त सांगतात.

तो काळ वर्ल्ड कपच्या तयारीचा. अख्खं शहर खणून ठेवलेलं. मी स्वतः एका बांधकाम कंपनीच्या आयटीत कंत्राटावर होते, म्हणजे त्या खड्ड्यांवरच माझं घर चालत होतं. नावं कोणत्या तोंडाने ठेवणार? पण सासऱ्यांचे हाल मला बघवत नव्हते. कोपऱ्यावरच्या बकाल्यापर्यंतचा, म्हणजे किराणा दुकानापर्यंतचा रस्ता त्यांनी पावलांनी पाठ केला होता. एक दिवस तिथे मेट्रोचे पत्रे उभे राहिले आणि रस्ता वळला. त्यांनी नवा रस्ता पाठ केला. तोही वळला. "यांचा फुटबॉल होईपर्यंत मी घरातच बसतो," म्हणाले, आणि खरंच बसले.

मेलच्या पानाचंही तेच झालं. मी त्यांना कॉम्प्युटरवरचं वाचून दाखवणारा आवाज लावून दिला होता. पण तो आवाज पत्राच्या आधी पानावरची प्रत्येक खूण, प्रत्येक बटण, प्रत्येक जाहिरात वाचायचा. सासरे बिचारे शांतपणे सगळं ऐकून घ्यायचे आणि 'लिहा' या बटणापर्यंत पोचायच्या आत दमायचे. कष्टाने त्याची जागा पाठ केली, तर कंपनीने पानच नवं केलं. त्या दिवशी त्यांनी लॅपटॉप बंद केला आणि म्हणाले, "खलास." हा शब्द इथल्यासारखा उठसूट वापरायला ते खालच्या चौकीदाराकडून शिकले होते.

मला राग आला की डोकं चालतं, एरवी फारसं नाही. मी दिवसभर ऑफिसात काळ्या खिडकीत काम करते. तिथे चित्रं नाहीत, बटणं नाहीत. शब्द टाइप करायचा, तो सांगतो ते होतं, आणि आज जो शब्द आहे तोच वर्षानुवर्षं राहतो. त्या खिडकीत मेल लिहायचे जुने प्रोग्राम आहेत. माझ्या वयाची माणसंही त्यांना म्हातारं म्हणतात. मनात आलं, म्हाताऱ्याला म्हाताराच बरा.

शुक्रवारी सकाळी नवरा पोहे करत होता आणि मी जुना लॅपटॉप घेऊन बसले. टाइपरायटरची मराठी मांडणी शोधून बसवली. सासऱ्यांनी बोटं ठेवली आणि ती आपोआप धावायला लागली. काळ्या खिडकीत वेलांट्या-उकार अक्षरांपासून सुटून भलतीकडे पडत होते, वाचणं मुश्कील होतं. पण त्यांना कुठे बघायचं होतं? आवाज बरोबर वाचत होता. नाकात बोलणारा, कोरडा आवाज. कोर्टातल्या एका कारकुनासारखा आहे म्हणाले.

लिहिणं जमलं, पाठवणं जमेना. या जुन्या प्रोग्रामची रीत अशी की लिहिणारा वेगळा आणि पोचवणारा वेगळा. पोचवणाऱ्याला सगळं आपण लिहून द्यावं लागतं: कोणत्या सर्व्हरकडे जा, कोणत्या दारातून आत शिर, तिथे काय नाव सांग. मी नेहमीचं दार लिहिलं, तर घरच्या इंटरनेटवर ते बंद. दुसरं दार उघडलं, तर आतल्याने पासवर्ड नाकारला. अशा प्रोग्रामसाठी वेगळा पासवर्ड काढावा लागतो, हे मला, दिवसभर लोकांना हेच सांगणाऱ्या बाईला, पोहे गार झाल्यावर आठवलं. शेवटी मी माझ्याच पत्त्यावर 'टेस्ट' असा एक शब्द पाठवला आणि माझा फोन वाजला. सासऱ्यांनी टाळी वाजवली.

मग त्यांनी विचारलं, "याची नक्कल कुठे राहते का?" कार्बन कागदात जन्म गेलेल्या माणसाचा प्रश्न. मी म्हटलं, पाठवलेल्याची प्रत राहते. "नको राहायला," ते म्हणाले. मी ते बंद केलं. शिवाय प्रोग्राम मधेमधे इंग्रजीत जे प्रश्न विचारतो, तेही बंद केले, त्यांचा गोंधळ नको म्हणून. सासूबाईंचा पत्ता आधीच वरच्या ओळीत येईल असं केलं. त्यांनी लिहायचं, ही दोन बटणं दाबायची, की गेलं.

दुसऱ्या दिवशी ते कानात इयरफोन घालून, दार लोटून बसले. आतून टकटक ऐकू येत होती. थांबायची, पुन्हा सुरू व्हायची. मी स्वयंपाकघरात होते आणि उगाचच भांडी कमी आवाजात घासत होते. बाहेर आले तेव्हा त्यांचं तोंड परीक्षेचा पेपर दिलेल्या मुलासारखं झालेलं. "पाठवलं," म्हणाले.

त्या संध्याकाळी फोनवर ते आवाज चढवण्याआधी घसा साफ करून बसले. सासूबाईंनी विचारलं, "जेवलात का?" बाकी काही नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. नंतरही तेच. सासरे बोलायचे कमी झाले. एकदा पुन्हा दार लोटून बसले, पण या वेळी टकटक लवकर थांबली. पुढे पुढे फोन आला की "तूच बोल" म्हणायला लागले. ताटातलं अर्धं तसंच राहायला लागलं. मी नवऱ्याला म्हटलं, यांना घरची ओढ लागलीय. तो म्हणाला, उन्हाळा आहे.

मग एका शनिवारी मी भाजी निवडत होते, तर ते समोर येऊन बसले. माझ्या कानाकडे बघत म्हणाले, "मेल परत घेता येतं का गं?"

"नाही हो बाबा. एकदा गेलं की गेलं. का?"

"काही नाही. या वयात माणसाने भलतंसलतं लिहू नये. ती काय उत्तर देणार?"

मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मी कामाला लागते. पोचवणाऱ्या प्रोग्रामची एक नोंद असते, काय कधी बाहेर पडलं त्याची. त्यात मजकूर नसतो. मी ती उघडली. त्यात माझा तो 'टेस्ट' होता. त्यानंतर काहीच नव्हतं.

"बाबा," मी म्हटलं, "तुमचं पत्र गेलेलंच नाही."

मी म्हटलं, माझ्यासमोर काहीतरी लिहा, खोटं-खोटं, मला बघू द्या. त्यांनी इयरफोन घातले, नवं पत्र उघडलं, आणि बोट वरच्या बाणावर नेऊन ते थेट पहिल्या ओळीच्याही वर गेले. तिथे त्यांनी एक ओळ मोकळी केली आणि टाइप केलं: ॥ श्री ॥

"हे काय बाबा?"

"श्री."

"वर कशाला?"

"मग काय खाली घालू?"

त्या प्रोग्रामचं असं की तो पहिल्या ओळीपासून पत्ता आणि विषय वाचत येतो, आणि ओळखीची नसलेली ओळ दिसली की तिथून पुढचा सगळा मजकूर समजतो. पहिल्याच ओळीत श्री, त्यामुळे सासूबाईंचा पत्तासुद्धा पत्राचा मजकूर झाला. पत्ता पाकिटाच्या आत आणि पाकीट कोरं. प्रोग्राम म्हणत असणार, पाठवू कोणाला? पण त्याचं तोंड मीच बंद केलं होतं. मग त्याने पत्र मुकाट्याने अर्धवट पत्रांच्या कप्प्यात ठेवून दिलं. हा प्रोग्राम ज्याने कोणी केला, त्याने शंभर चुका आधीच धरून ठेवल्या असतील. पत्त्याच्याही आधी कोणी देवाला बसवेल, हे त्याच्या ध्यानीमनी नसणार. माझ्याही नव्हतं. माझ्या 'टेस्ट'वर श्री नव्हता.

"श्री एक ओळ खाली घेतला तर चालेल?" मी विचारलं.

"श्रीच्या वर काही लिहीत नाहीत," ते म्हणाले. चिडून नाही, मुळाक्षरं शिकवावीत तसं. मी देवाधर्माची नाही, आणि एरवी मी वाद घातला असता. पण या माणसाच्या पायाखालचा रस्ता बदलला होता, पान बदललं होतं, घर बदललं होतं. श्री तेवढा त्याच्या जागेवर होता. मी पत्त्याच्या ओळीच पत्रातून काढून टाकल्या. प्रोग्राम पत्ता आता आपला आपण बाहेरून घालेल असं केलं. त्याला वाकवायला चार ओळी पुरल्या.

मग तो कप्पा उघडला. त्यात दोन पत्रं होती, एक मोठं, एक अगदी छोटं. मी ती वाचली नाहीत. पत्ता घालायला आतलं उघडावं लागत नाही. पण हात थांबला. परत घेता येईल का म्हणून विचारत होते ना? आता घेता येणार होतं.

"बाबा, तुमची दोन पत्रं इथेच आहेत. कोणी पाहिली नाहीत. पुसून टाकू का?"

ते खिडकीकडे तोंड करून बसले. खाली यंत्र धडधडत होतं, रस्ता पुन्हा फोडत होते. तसंच बसून त्यांनी विचारलं, "दुसरं पत्र छोटं आहे ना?"

"हो."

"त्यात मी लिहिलंय, आधीचं विसरून जा." मग म्हणाले, "ते पुसून टाक. पहिलं पाठव."

पाठवायची दोन्ही बटणं मी त्यांनाच दाबायला लावली. मग नोंद उघडून बघितली. माझ्या 'टेस्ट'खाली एक नवी ओळ उमटली होती. मी ती त्यांना मोठ्याने वाचून दाखवली.

रविवारी मी ऑफिसातून आले, तेव्हा ते दाराकडे तोंड करून बसले होते आणि इयरफोन कानात होते. सुरुवातीपासून पुन्हा ऐकायचं बटण कोणतं, हे मी त्यांना शिकवलेलं नव्हतं. पण दिवसभरात त्यांना ते सापडलेलं दिसत होतं, कारण त्यांचं बोट त्याच्यावरच होतं. मी चपला काढल्या, पाणी प्यायले, आणि जे विचारायचं नाही असं दिवसभर ठरवलं होतं तेच विचारलं.

"काय म्हणतात आई?"

त्यांनी एका कानातला इयरफोन काढला. मला द्यायला नाही, मला नीट सांगता यावं म्हणून.

"म्हणते, तुम्ही पोचल्याचं पत्र आज मिळालं."