स्वागताच्या मॅडम

नागपूरच्या एका कॉलेजात मी अर्थशास्त्र शिकवायची, तासिका तत्त्वावर. म्हणजे वर्गात उभं राहाल तेवढ्याच तासांचे पैसे, आणि दर जुलैत पुन्हा नव्याने मुलाखत. आमच्यात पुरुषही होते. पण तपासणीची समिती येणार म्हटलं की त्यांना सादरीकरणं मिळायची आणि आम्हा बायकांना रांगोळी, एका रंगाच्या साड्या, ओवाळायचं ताट. हे काही तासांत धरत नसत. काहून धरतील? बाईच्या जातीला येतंच की ते सगळं! मला तर येतही नव्हतं. कोराडीच्या वीज केंद्राच्या वसाहतीत आईने माझ्या हातात पुस्तकं दिली, रांगोळीचा डबा नाही. कॉलेजच्या फाटकापाशी, सगळ्यांदेखत ठिपके चुकवत मी रांगोळी शिकले.

मागच्या खेपेला पाहुण्यांना ओवाळलं, तेव्हा प्राचार्यांनी ओळख करून दिली, "ह्या आमच्या स्वागताच्या मॅडम." पाहुण्यांनी माझ्या ताटात शंभराची नोट टाकली. माझी पीएच.डी. गेली खड्ड्यात! तळपायाची आग मस्तकात गेली. प्राचार्य हसून म्हणाले, "घ्या मॅडम, घ्या."

यंदा समिती आली ती नेमकी माझ्या तासाला. मी विभागप्रमुखांना सांगितलं, "मी वर्गात राहीन, सर. ताट दुसऱ्या कोणाला द्या."

"मॅडम, जुलै काही लांब नाही."

"मले माहीत आहे."

भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू? ही नोकरी गेली तर चाळिशीत मला दारात कोण उभं करणार होतं? तरी गेले. खडू उचलला आणि बायकांचं घरकाम राष्ट्रीय उत्पन्नात का धरत नाहीत, ते शिकवलं. शप्पथ, अभ्यासक्रमात तेच होतं. बाहेर बँड वाजत होता, म्हणून जरा ओरडूनच शिकवलं.

जुलैच्या मुलाखतीत प्राचार्यांनी विचारलं, "तुमचं सहकार्य कमी पडतं म्हणे?"

"जाहिरात अर्थशास्त्राची आहे, सर. ओवाळायची काढा, मग विचारा."

माझ्या जागी एक नवे सर आले. दोन दिवस मी उशीत तोंड खुपसून रडले. आई म्हणाली, "रडून घे वं पोट्टे. पण माफी मागाले गेली तं याद राख!"

ऑगस्टात विभागप्रमुखांचा फोन आला. आवाज अगदी मधाळ. "मॅडम, झेंडावंदनाची रांगोळी तेवढी काढून द्याल का? तुमच्यासारखी कोणालाच जमत नाही."

"नव्या सरांना सांगा ना."

"त्यांना कुठं येते?"

"मले तरी कुठं येत होती, सर? तुमच्याच कॉलेजात शिकली."