आखूड खांबांवर एकमत

माझा लाइनमन पडला तेव्हा मी खालीच उभा होतो. परंड्याच्या आसपासच्या गावांत घरोघरी इंटरनेटची वायर पोचवणं हा माझा धंदा, आणि हा मेंढपाळाच्या घरातला माणूस पहिल्या दिवसापासून माझ्यासोबत. रस्त्याकडेच्या खांबावर चढून तो जोड दुरुस्त करत होता. उसाची ट्रॉली आली, वरच्या मोळ्यांत वायर अडकली आणि तिनं खांबच ओढला. खांबासकट तो डांबरावर आला. मांडीचं हाड दोन जागी मोडलं.

खांब आखूड होता. जिल्हाभर तसलेच होते. आमच्या केबल-इंटरनेटवाल्यांच्या संघटनेनं तेच मान्य केले होते, आणि ते बनत अध्यक्षांच्या वर्कशॉपात. हे सगळ्यांना ठाऊक होतं. मीही इतकी वर्षं तोंड मिटून तेच घेत आलो होतो.

त्याच सुमारास, रस्ता ओलांडताना वायर किमान किती उंच हवी, याच्या नियमाचा मसुदा देशपातळीवर निघाला. प्रत्येक जिल्ह्याच्या संघटनेनं आपलं मत कळवायचं होतं. येरमाळ्याला एका हॉटेलच्या वरच्या हॉलमध्ये बैठक झाली. पत्र आधीच टाइप होऊन आलेलं. ‘सध्याची उंची पुरेशी आहे, असे जिल्ह्यातील सर्व सभासदांचे एकमत आहे.’

मी उठलो. “माझं न्हाय एकमत. चर्चा कधी झाली?”

“तुमचा गडी पडला, वाईट झालं,” अध्यक्ष म्हणाले. “पण एका गड्यापायी देशाचा नियम बदलायचा का?”

“भरलेली ट्रॉली कधी मोजलीत तुम्ही?”

“आपण काय आरटीओ हाव का?”

हॉल हसला. हसणाऱ्यांत लाइनमनला बघायला दवाखान्यात फळं घेऊन आलेले दोघं होते. त्यांचे चेहरे मी नीट बघून घेतले.

लाइनमन कुबडीवर चालायला लागला, तसे आम्ही दोघं कारखान्याच्या रस्त्यावर गेलो. रांगेतल्या ट्रॉल्यांना मी बांबू लावायचो, तो वहीत उंची लिहायचा. “मालक, ही तर आपल्या वायरीच्या हातभर वर जातीय,” तो म्हणायचा आणि पुढच्या ट्रॉलीकडं लंगडत जायचा. ते आकडे, फोटो आणि माझं पत्र मी थेट दिल्लीला पाठवलं. एका ओळीचं उत्तर आलं: आपल्या जिल्ह्याचे मत आपल्या संघटनेमार्फत प्राप्त झाले आहे.

नियम आला. उंची तीच.

पण नियमात ‘किमान’ लिहिलं होतं, त्याहून उंच लावायला कुणाची बंदी नव्हती. सोलापूरहून लांब खांब आणून मी एकेक रस्ता बदलत गेलो. संघटनेनं मला काढून टाकलं आणि माझ्या वायरी त्यांच्या खांबांवरून उतरवल्या. दोन गावं हातची गेली. लाइनमन पुन्हा चढू शकला नाही. आता ऑफिसात बसून फोनवर तक्रारी घेतो.

गेल्या हंगामात कुर्डुवाडी रस्त्यावर अध्यक्षांचीच लाइन ट्रॉलीनं तोडली. कुणाला लागलं नाही. त्यांच्या वर्कशॉपात अजून आखूडच खांब बनत होते, म्हणून त्यांचा माणूस माझ्याकडं दोन उंच खांब मागायला आला. हाकलून द्यायला मी तोंड उघडलंच होतं, पण लाइनमन मधेच बोलला.

“देऊ की. पण न्यायला अध्यक्षांनी सोता यावं.”

दुपारी ते आले. खांब गाडीवर चढेपर्यंत दारात उभे होते. लाइनमनच्या पायाकडं त्यांनी एकदा बघितलं आणि विचारलं, “बरं हाय का आता?”

“न्हाय,” तो म्हणाला. खुर्चीतून उठला नाही.

मी त्यांना बसा म्हटलं नाही, पाणीही विचारलं नाही.