मानसीचं ऑक्झाईम

आधीच सांगून टाकते, माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. दारावरचं लिंबू-मिरची बघून मला सायट्रिक ॲसिड आठवतं, अशी मी. या ग्रुपवरचे असले अनुभव मी डबा खाताना टाइमपास म्हणून वाचते आणि लिहिणाऱ्यांना मनातल्या मनात नावं ठेवते. आता माझ्यावरच लिहायची वेळ आली आहे... तेव्हा ठेवा नावं.

मी परळच्या एका लॅबमध्ये ऑरगॅनिक केमिस्ट्रीत पीएचडी करते. माझ्या शेजारच्या टेबलावर मानसी असायची. लालबागच्या चाळीतली, पक्की मालवणी, तोंडाने फटकळ. माझी पोळी-भाजी पळवून त्या बदल्यात तिच्या आईच्या हातचा बांगडा माझ्या डब्यात ढकलणारी.

तिचं काम असं — कीटोन नावाच्या रसायनापासून ऑक्झाईम हे दुसरं रसायन करायचं आणि ते वीट म्हणून वापरून पुढे नायट्रोजनवाली रिंग बांधायची. ऐकायला सोपं आहे. पण तिचं ते ऑक्झाईम महाहट्टी, फ्लास्कमध्ये पिवळं तेल होऊन बसायचं. तेल आम्हाला चालत नाही, कारण त्यात ऑक्झाईमची दोन रूपं मिसळलेली असतात. स्फटिक धरले तरच हवं ते रूप एकटं वेगळं निघतं.

मानसी काचेच्या कांडीने फ्लास्क आतून खरवडायची आणि त्याला हाका मारायची, "ये गो बाय, ये. किती वाट बघूची?" आणि स्फटिक यायचे! पांढऱ्याशुभ्र बारीक सुया.

"अगं, खरवडल्यामुळे येतात ते. तुझ्या हाका ऐकून नाही," मी म्हणायचे.

"मग तू खरवड ना. बघू तुझं ऐकतात का."

माझं त्यांनी कधीच ऐकलं नाही.

मागच्या पावसाळ्यात मानसीला साधा ताप आला आणि त्या तापातच ती गेली. यावर मला जास्त लिहिता येणार नाही. अजूनही डबा उघडला की माझा हात आधी तो शेजारी सरकवतो.

ती गेल्यावर तिचं काम माझ्याकडे आलं आणि आमची लॅब नव्या इमारतीत हलली. काचेची सगळी भांडी नवी आली आणि त्या हलवाहलवीत मानसीच्या स्फटिकांच्या उरलेल्या बाटल्या कोणीतरी चुकून कचऱ्यात टाकल्या. इथेच घात झाला. दह्याला विरजण लागतं, तसा अशा हट्टी तेलाला आधीच्या स्फटिकाचा एखादा कण लागतो. तो आता जगात कुठेच नव्हता. मी खरवडलं, बर्फात ठेवलं, सॉल्व्हंट बदलले... तेल ते तेलच.

आमचे गाइड सर शेवटी म्हणाले, "केतकी, आता बास. आपण दुसऱ्या रूटने जाऊ."

"मग मानसीचं काम?"

"पेपरमध्ये राहणार नाही. खाली आभारात नाव घालू."

आभारात! जिने ते काम उभं केलं तिचं नाव आभारात, टायपिंग करून देणाऱ्यांच्या रांगेत. मी बाथरूममध्ये जाऊन रडले. सरांकडून एक शेवटची बॅच करायची परवानगी मागून घेतली आणि तेव्हाच मला तिचा ॲप्रन आठवला.

आमच्यात जुनी समजूत आहे, की केमिस्टच्या कपड्यांत, अगदी दाढीतसुद्धा स्फटिकांचे कण अडकलेले असतात. मानसीचा ॲप्रन तिच्या घरी होता. मी लालबागला गेले. काकींना, म्हणजे तिच्या आईला म्हटलं, "तिचं काम अडलंय काकी. तिचा ॲप्रन मिळाला तर कदाचित होईल."

काकींनी मला आधी पाणी दिलं. मग म्हणाल्या, "उद्या येशीत?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी पिशवी हातात दिली. लॅबमध्ये येऊन उघडली आणि माझा धीरच सुटला. पांढराफेक ॲप्रन, खळीचा वास. काकींनी धुऊन, इस्त्री करून दिला होता! त्यांना काय बोलणार? शिवणीत एखादा कण राहिला असेल, म्हणून मी खिसा उलटा करून फ्लास्कवर झटकला. भर दुपार होती, लॅबमध्ये चारचौघं होती. माझ्या तोंडून आपोआप निघालं, "ये गो बाय, ये."

तेलात मधोमध एक पांढरा ठिपका उमटला. मग त्याच्याभोवती सुया फुटत गेल्या, काठापर्यंत. मी खाली बसले आणि लहान पोरासारखी रडले. सर धावत आले, त्यांनी फ्लास्क हातात घेतला. एनएमआर तपासणी केली, तेच निघालं. मानसीचंच ऑक्झाईम, हवं ते रूप, एकदम शुद्ध.

त्याच संध्याकाळी ॲप्रन परत करायला आणि बातमी सांगायला मी लालबागला गेले. "काकी, धुतलेला असूनही शिवणीत कण राहिला बघा!"

काकी खाली बसल्या. "बाय, तुका खोटा सांगलंय मी. तो तिचो ॲप्रन नाय. तिचो तिच्यावांगडाच चितेर गेलो. कापडाखाली मीच ठेवललंय, कोणाक कळाक नाय. लय आवडायचो तिका."

"मग हा?"

"दादरच्या दुकानातसून नवो हाडलंय. तू दारात उभी रवलंस, चेडवाचा काम अडला म्हणालंस... तुका नाय म्हणवक नाय माका." मग पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "इस्त्री करताना तेका सांगलंय फक्त, मानसीचा काम करून ये."

नवा ॲप्रन. नव्या इमारतीत, नव्या काचेवर झटकलेला. जो कधी तिच्या अंगाला लागलाच नव्हता. योगायोग म्हणा, तापमान म्हणा, हवेतला धुळीचा कण म्हणा. मी स्वतःला हे सगळं सांगून बघितलं आहे. त्यातलं एकही मला पटलेलं नाही, आणि दुसरं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही.

पेपरवर पहिलं नाव मानसीचं आहे. परवा मी त्या सुया एका छोट्या बाटलीत सीलबंद करून काकींना दिल्या. त्यांनी बाटली उजेडात धरली, खूप वेळ बघितली आणि विचारलं, "ह्या माझ्या मानसीन केल्लाला मा गो?"

ती बॅच पहिल्यापासून शेवटपर्यंत मी केली होती. मी म्हटलं, "हो काकी, तिनेच." आणि मला ते खोटं वाटलं नाही.