धाकूचा एक पाय आणि ओव्हरड्राइव्हचं बटन

पडदा वर जातो. समोर म्हापशाचा शुक्रवारचा बाजार, मिरच्यांचे ढीग, हॉर्नचा गोंगाट. आणि गर्दीतून इंचइंच सरकणारी एक जुनी पांढरी गाडी. स्टेअरिंगवर धाकू. इस्त्रीचा शर्ट, पँटचा डावा पाय गुडघ्याखाली दुमडून पिन लावलेला.

आमच्या नाटकमंडळीचा टेंपो पेडण्याच्या जत्रांतून याच धाकूने फिरवला. पुढे डिचोलीच्या खाणीवर खनिजाचा टिपर ट्रक. खाण बंद पडली, त्यातच मधुमेहाने पाय गेला. क्लच दाबायला पाय नाही म्हणजे ड्रायव्हरकी संपली, असं सगळ्यांनी धरलं. गुरुदास शेटने मात्र आपली ऑटोमॅटिक गाडी त्याच्या हाती दिली. शेट चांगला माणूस, हे मुद्दाम सांगतो.

"माका डावो पाय नाय, मास्तर," धाकू मला हसत म्हणाला, "आनी हिका क्लच नाय. जोडी जमली!"

गियरच्या दांड्यावर ओव्हरड्राइव्हचं, म्हणजे सगळ्यात वरच्या गियरचं, बटन होतं. मेकॅनिक परेशने त्याला बजावलं होतं, "मोकळ्या रस्त्याला चालू ठेव, पेट्रोल वाचतं. शहरात, चढउताराला बंद कर. नाहीतर उतारावर इंजिन गाडीला धरणार नाही. सगळा भार ब्रेकवर येईल."

धाकूने वर्षभर ते पाळलं. मग एकदा शेट सहज बोलला, "धाकू, ही पेट्रोल पिता रे! असांच चल्लां तर विकून टाकतलों."

धाकूला धास्ती बसली. ही गाडी गेली आणि क्लचवाली आली तर? खाणीवर डिझेल वाचवायला उतारावर टिपर न्यूट्रलमध्ये सोडायचा, हे त्याच्या हाडात मुरलेलं. त्या दिवसापासून ओव्हरड्राइव्ह सदाच चालू. शेट खूष झाला, पेट्रोल कमी लागतंय म्हणाला. धाकूचा चेहरा पुन्हा उजळला.

एका शुक्रवारी शेटची बायको पद्मावतीबाई नार्व्याला देवदर्शन करून परतत होत्या. एकेक उतार ब्रेकवरच उतरून झाला होता. म्हापशात शिरताना शेवटच्या उतारावर तापलेल्या ब्रेकचं पेडल तळाला टेकलं आणि गाडी थांबेना. धाकूने बटन दाबून ओव्हरड्राइव्ह बंद केलं, पण फार उशीर झाला होता. खाली बाजार भरलेला. त्याने स्टेअरिंग आपल्या बाजूला वळवलं आणि चिऱ्यांच्या भिंतीवर गाडी घातली. पद्मावतीबाईंचा हात मोडला. धाकूची छाती स्टेअरिंगवर आपटली.

तिसऱ्या दिवशी मी इस्पितळात गेलो. शेट धाकूच्या खाटेशी उभा होता, डोळे पुसत. धाकूचा मुलगा रुद्रेश तसलीच गाडी भाड्याने चालवतो. तो औषधं आणायला गेला होता. धाकूने माझा हात घट्ट धरला. दोन श्वास घेऊन म्हणाला,

"मास्तर, उतार लागलो की बटन दाब म्हणान रुद्रेशाक सांगा. माझ्यासारखो भियाव नको. पेट्रोल जाऊंदे."