तळीचा पाचवा

योगेशला कोणी प्रेमाने हाक मारली, तरी तो आधी मागे वळून बघतो, आपल्यामागे दुसरा कोणी उभा आहे की काय म्हणून. माणूस रेल्वेत सिग्नल दुरुस्तीवर आहे. हिरवा दिवा दिसला म्हणून त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही, आधी तपासायचं आणि मग पुन्हा तपासायचं, ही त्याची सवय. ड्यूटीवर हा गुण ठरतो. घरी मात्र या गुणाने त्याचा जीव नुसता पोखरून काढला होता.

वडिलांची, गजाननरावांची, दौंडहून जयपूरला बदली झाली तेव्हा योगेश प्राथमिक शाळेत होता. वडील नोकरीतच गेले, त्यांच्या जागी योगेश लागला. आता क्वार्टरमध्ये तो आणि आई भागुबाई, दोघंच. दौंड सुटलं, पण भागुबाईंचा खंडोबा काही सुटला नाही. दर चंपाषष्ठीला त्यांच्याकडे तळी उचलली जाते. ताटात भंडार, नारळ, विडा, बेल ठेवायचा, पाच पुरुषांनी ताटाला हात लावून 'येळकोट येळकोट जय मल्हार' म्हणत ते तीनदा उचलायचं, आणि मग भरीत-भाकरीचा नैवेद्य. बाजरीचा तोटा जयपुरात कधीच नव्हता. तोटा असायचा तो पुरुषांचा. कॉलनीतली मराठी कुटुंबं बदलीवर येत आणि बदलीवर जात, त्यामुळे पाच गडी जमवताना भागुबाईंच्या नाकी नऊ यायचे.

गंमत अशी, की घरचाच एक धडधाकट गडी कोपऱ्यात उभा राहून टाळ्या वाजवायचा. योगेश तळीला हात लावत नसे. एकदा खांबावरून उतरताना त्याचं मनगट मुरगळलं होतं, हे खरं. ते महिन्याभरात बरं झालं. निमित्त मात्र कित्येक वर्षं टिकलं.

खरं कारण चंदन होता.

चंदनचे वडील लष्करात सुभेदार. मूळचे साताऱ्याकडचे, पण चंदनचा जन्म इथला, शिक्षण इथलं. निवृत्तीनंतर आईवडील गावी गेले आणि जयपूरच्या मानसरोवर वस्तीतल्या फ्लॅटमध्ये तो एकटा राहिला. शहरातल्या सी-स्कीम भागात एका विमा कचेरीत नोकरी. मराठी मंडळाच्या गणपतीत दोघांची ओळख झाली, आणि पुढे तिला नुसती ओळख म्हणण्यासारखं काही उरलं नाही. योगेशचा चंदनवर जीव होता आणि चंदनचा योगेशवर. याला दुसरा शब्द देण्यात अर्थ नाही.

पण योगेश देवाचा माणूस. रविवारचा उपास कधी मोडला नाही, कपाळाला भंडार लावल्याशिवाय ड्यूटीवर गेला नाही. आपल्यासारख्याचा हात तळीला लागला तर देवाला चालणार नाही, असा निकाल त्याने स्वतःच लावून टाकला होता. देवाला विचारायच्या भानगडीत तो पडला नव्हता. विचारलं आणि उत्तर आलं तर काय घ्या?

यंदा मार्गशीर्ष लागला आणि भागुबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या, "योगेश, तळीला चंदनला बोलव. मानूस कमी पडतंय."

योगेशने हातातला घास परत ताटात ठेवला. चंदन घरी यायचा, आईला डोळ्यांचे थेंब आणून द्यायचा, चहा प्यायचा, इथपर्यंत ठीक होतं. तळीला? घरच्या देवापुढे?

"बाकी कोण आहेत?" त्याने विचारलं.

"रंगनाथभावजी, त्यांचा जावई मंगेश, समोरचा गौरांग."

रंगनाथकाका म्हणजे वडिलांच्या बरोबरीचे निवृत्त गार्ड. योगेशने मनातल्या मनात मोजलं. तिघं, आणि चंदन चौथा.

"आणि पाचवा?"

"हाय एक," भागुबाई म्हणाल्या आणि त्यांनी भाकरी उलटली.

झालं. त्या 'हाय एक'ने योगेशची झोप उडवली. नाव का सांगत नाही ही? मग त्याला एकेक गोष्ट आठवायला लागली. दिवाळीपासून आईने लग्नाचा विषय काढलेला नव्हता. आधी मुलींचे फोटो मोबाईलवर दाखवून दाखवून पिच्छा पुरवणारी बाई एकदम गप्प कशी? त्यातच चंदनसाठी तिने बाबांचा लोकरीचा मफलर काढून ठेवला होता, "थंडीत स्कूटरवर हिंडतंय पोरगं" म्हणून. एवढी माया कशासाठी? आणि दुसऱ्याच दिवशी ती फोनवर रंगनाथकाकांना सांगताना त्याने ऐकलं, "बेल जरा मूठभर आणा बरं का, इसरू नका."

मूठभर बेल!  लहानपणी दौंडला त्याने पाहिलं होतं. बांधावरच्या झाडावरून भांडण झालं, तेव्हा त्याच्या मामाने स्वतःच्या चुलत्याला बेलभंडार उचलायला लावला होता. बेलाचं पान आणि भंडार तळहातावर घेऊन जे बोलायचं ते देवाच्या साक्षीने. खोटं बोललास तर देवाला मुकलास. 

योगेशची खात्री पटली. पाचवा म्हणजे मामा. आई मामाला दौंडहून बोलावणार, चंदनला समोर उभं करणार आणि चारचौघांत आपल्याला विचारणार: उचल बेलभंडार आणि सांग, हा तुझा कोण? खोटं बोललो तर देव गेला. खरं बोललो तर आई गेली. आईला असं करण्याचं काही कारण आहे का, हे तपासायचं मात्र तो विसरला. सगळं आयुष्य तपासण्यात घालवलेला माणूस!

चंपाषष्ठीच्या आदल्या दिवशी दुपारी त्याने सी-स्कीममध्ये चंदनच्या कचेरीखालच्या चहाच्या टपरीवर त्याला गाठलं. चंदन खुशीत होता. त्याने बापू बाजारातून पिवळा कुर्ता घेतला होता, दुसऱ्या दिवसाची रजा टाकली होती आणि 'सदानंदाचा येळकोट' म्हणायची तालीम चालवली होती.

"येळकोटनंतर थांबायचं का, की लगेच म्हणायचं? मतलब, मी चुकलो तर काकू हसतील ना."

"तू येऊ नकोस," योगेश म्हणाला.

"का?"

आणि इथे योगेशने नको ते केलं. "आई म्हणाली. घरचीच माणसं हवीत म्हणे तिला."

चंदनने चहाचा मातीचा कुल्हड हळूच खाली ठेवला. "काकू असं म्हणाल्या?"

"हो."

"ठीक आहे," चंदन म्हणाला आणि जिना चढून गेला. अर्धा चहा तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी भरिताचा वास कॉलनीभर सुटला होता. रंगनाथकाका, मंगेश आणि गौरांग येऊन बसले. देवापुढे ताट मांडलं होतं. योगेशची नजर दारावर. मामा काही येईना.

"चंदन कुठाय?" भागुबाईंनी विचारलं.

"त्याला ऑफिस आहे."

भागुबाईंनी एकवार त्याच्याकडे पाहिलं आणि मोबाईल घेऊन त्या स्वयंपाकघरात गेल्या. बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा बदललेला होता. "भाकऱ्या व्हायच्यात, वाईच थांबा," असं त्यांनी पाहुण्यांना सांगितलं आणि योगेशला खुणेने आत बोलावलं. ओट्यावर वाटीत भंडार होता, शेजारी बेल.

"मी त्येला येऊ नको म्हनले?" त्या दबक्या आवाजात म्हणाल्या. "घे हे हातात आन् सांग माझ्या तोंडावर."

ज्याला भिऊन एवढं रामायण केलं, तो बेलभंडार असा भलत्याच प्रश्नासाठी समोर आला. योगेशचा हात उचलेना.

"तू असं म्हणाली नाहीस," तो म्हणाला. "मीच खोटं बोललो. मला वाटलं, मामाला आणून तू मला त्याच्यासमोर बेलभंडार उचलायला लावशील."

"मामा? त्यो कशाला येतोय? त्येचं गुडघं बघितल्यात का?"

"मग मूठभर बेल कशाला?"

"देवाला लागतोय म्हनून! मागल्या साली भावजींनी तीन पानं आनली हुती."

"आणि पाचवा कोण?"

 भागुबाईंचे डोळे भरून आले, आणि त्यांना रागही आला.

"आरं, पाचवा तू! रंगनाथभावजी, मंगेश, गौरांग, चंदन आन् तू. दरसाल तुला धरूनच मोजते मी. मग तू हात मागं घेतोस आन् मी शेजाऱ्याच्या दारात पळते. औंदा म्हनलं, न्हाई जायाचं कुनाच्या दारात. माझ्या घरात दोन हायती."

 सगळे हिशेब त्याने केले होते, मामाला दौंडहून जयपूरला आणून बसवलं होतं, पण त्या पाचात आपण असू शकतो, हे त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

"आई, तुला माहीत..."

"मला काय डोळं न्हाईत व्हय? लई रडले बी. पर ते माझं आन् देवाचं झालंय बोलून." त्यांनी भंडाराची चिमूट आणि बेलाचं पान कागदात बांधून त्याच्या हातात कोंबलं. "जा, घिऊन ये त्येला. तोवर ताट हलत न्हाई."

मानसरोवरपर्यंत स्कूटर कशी चालवली ते त्याला आठवत नाही. चंदनने दार अर्धवटच उघडलं.

"काकूंचा फोन आला होता. त्या म्हणतात, त्या बोलल्याच नाहीत. तू म्हणतोस, बोलल्या. मी कुणाचं मानू?" त्याच्या डोळ्यांत आजवर कधी नसलेला संशय होता, आणि तो कुठून आला हे योगेशला चांगलंच ठाऊक होतं. आपलाच रोग आपण याला लावला, या विचाराने त्याला रडू फुटायची वेळ आली.

त्याने कागदाची पुडी सोडली. बेलाचं पान तळहातावर ठेवलं, त्यावर भंडार ओतला. 

"आई काही म्हणाली नव्हती. मी घाबरलो आणि तिचं नाव पुढे केलं. तू माझा माणूस आहेस, हे देवासमोर बोलायची मला भीती वाटत होती. आता बोललो."

चंदनने त्या तळहाताकडे पाहिलं.

"खोटं असेल तर काय होतं?"

"देव जातो."

"आणि खरं असेल तर?"

"ते मला माहीत नाही. इथपर्यंत मी कधी आलोच नव्हतो."

चंदनने दार पूर्ण उघडलं. "थांब, कुर्ता घालतो."

दोघं पोचले तेव्हा भाकऱ्या गार झाल्या होत्या आणि गौरांग पेंगत होता. पाचही जण ताटाभोवती बसले. योगेशने हात पुढे केला तसे रंगनाथकाका डोळे बारीक करून म्हणाले, "काय रे, मनगट बरं झालं वाटतं?"

जुन्या सवयीने योगेश त्या प्रश्नाच्या पोटात काय आहे ते शोधू लागला. काकांना कळलंय? आईने सांगितलं? की उगीच आपलं?

"लई दिवस झालं बरं हून," मागून भागुबाई म्हणाल्या. "त्येलाच ठावं नव्हतं. उचला."